स्ट्रॉबेरी फील्ड्स: स्वरमंडळ एकदाचं बसलं!

बसलं! बीटल्सचं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ मी स्वतः पुन्हा वाजवून उभं करतोय, आणि त्यातला स्वरमंडळाचा (तारांवरून बोटं फिरवून छेडायचं वाद्य) तो वरून खाली येणारा झणत्कार आता मेलोट्रॉनशी (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड) भांडत नाही.

दुखणं असं होतं: रेकॉर्डवरचं गाणं पांढरी सहा आणि काळी पाचच्या मधोमध लटकतं. टेक ७ आणि टेक २६ (याच गाण्याची दोन वेगळी ध्वनिमुद्रणं) यांची पट्टी वेगळी, लयही वेगळी, आणि गाणं लिहिणाऱ्या लेननला दोन्ही हवे. डिसेंबर १९६६मध्ये निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिकनी एक टेप पळवली, दुसरी मंदावली आणि मिनिटाच्या आसपास जोड मारला.

मी मात्र त्या अधल्यामधल्या पट्टीत एकेक तार लावत बसलो होतो. ट्यूनर ४४० हर्ट्झवरून ४५३वर नेला. शेवटची तार लागेपर्यंत पहिल्या उतरलेल्या. त्यात ही पावसाळी हवा! ऑनलाइन मागवलेल्या तारा तर टिकेचनात. मिरजेच्या तारा चढवल्यावर सूर थांबला. तारांच्या बाबतीत मी यापुढे दुसरीकडे बघणार नाही. पण सूर जुळूनही आवाज कोरडाच. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या स्वरमंडळाची ती जडशी, रेंगाळणारी आस येईना.

मग पेटलं डोक्यात. स्वरमंडळ टेक २६वर वाजवलंय, म्हणजे जोडाच्या वेळी तेही मंदावलंय! सरळ काळी पाचला लावलं, वाजवलं आणि रिपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पट्टी कायम ठेवा’वरची खूण काढून वेग ०.९७ केला. सूर पांढरी सहाच्या दिशेने निम्मं अंतर उतरला, आस लांबली. काय गोड वाजतंय म्हणून सांगू!

आता सगळं गाणंच तसं करतोय. पूर्वार्ध पांढरी सहात, क्लिक (तालाचे ठोके) मिनिटाला ९०, मग १.०३ पट. उत्तरार्ध काळी पाचात, क्लिक ९५.६, मग ०.९७ पट. दोन्ही ९२.७ला भेटतात, सुरात चारएक सेंटचा फरक (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर). मार्टिन-एमरिकचे आकडे हे नव्हेत, पण माझ्या कामाला पुरे. मेलोट्रॉनच्या बासरीसाठी फुकटचे सॅम्पल्सच (आधीच रेकॉर्ड केलेले सूर) वापरतोय. महागडे फारच गुळगुळीत वाटतात.

पुढचा नंबर गाण्यातल्या उलट्या (टेप उलटी फिरवून वाजवलेल्या) झांजांचा होता. पण हे लिहितानाच सुचलं: गाण्यातले चार ट्रम्पेट सॅम्पलचे कशाला? ट्रम्पेटचं घरच काळी पाच. अधल्यामधल्या पट्टीत वाजवा म्हटलं असतं तर लग्नात ट्रम्पेट वाजवणाऱ्या बँडवाल्या काकांनी हाकललं असतं. आता त्यांना त्यांच्या सुरात वाजवू द्यायचं आणि मंदावायचं काम माझं. झांजा थांबतील. लग्नसराई सुरू होण्याआधी काकांना गाठतो.