समन्स घ्या हो, घाबरू नका

आज सोलापूरच्या पूर्व भागात कोर्टाचा बेलिफ म्हणून समन्स बजावत फिरलो. यंत्रमागांच्या खडखडाटात हाक ऐकू जात नाही, आणि कोर्टाचा कागद दिसला की दार लागतं. "ते गावाला गेलेत," विड्या वळता वळता एक मावशी म्हणाल्या. दारात पुरुषाच्या चपला, आत टीव्ही चालू! राग नाही आला, काळजी वाटली. अहो, दिवाणी दाव्याचं समन्स म्हणजे अटक नव्हे. घेतलं की ३० दिवसांत कैफियत, म्हणजे आपलं लेखी उत्तर, द्यायची. टाळलंत तर आम्ही ते दारावर चिकटवून अहवाल देतो, मग दावा एकतर्फीही चालू शकतो. मोडक्यातोडक्या तेलुगूत हे सांगितल्यावर काका बाहेर आले, सही केली. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. महिलांना तर मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अटही नाही.