मानुस्की म्हणजे कोण?

आज लायब्ररीत दुसऱ्याच कामाला गेले होते. 'नवीन आलेली पुस्तकं'च्या कपाटासमोर थबकले ती दोन तास तिथेच. वर स्त्री-अभ्यास, खाली अर्थशास्त्र आणि मध्येच घुसलेलं एक कीटकशास्त्र.

हाताला लागलं शैलजा पाईक यांचं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट'. स्टॅनफर्डने 2022 मध्ये काढलेलं, म्हणजे अगदी ताजं नाही, पण आमच्याकडे नवीनच! येरवड्यात वाढलेल्या पाईक आता सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवतात. 2024 ची मॅकआर्थर फेलोशिप, अमेरिकेतला एक मोठा सन्मान, त्यांना मिळाली. विषय तमाशातल्या दलित स्त्रिया. इंग्रजी मजकुरात रोमन लिपीत 'मानुस्की' दिसलं. वाटलं, कुणी रशियन विचारवंत असेल. दोन ओळींनी ट्यूब पेटली, अरे, ही तर आपली माणुसकी! 'अश्लील' आणि 'असली' (म्हणजे अस्सल) सुद्धा तसेच. रोजचे शब्द, पण इथे त्यांच्यावर अख्खा युक्तिवाद उभा आहे.

नवीन पुस्तक घरी देत नाहीत. चाळीस पानं तिथेच वाचली.

घरी येऊन बाबांना सांगितलं. म्हणाले, "मंगला बनसोडेंचा फड आमच्या जत्रेला यायचा. त्यात एवढं काय लिहायचंय?"

आणि मग स्वतःच जेवण गार होईपर्यंत बोलत बसले.