बाटलीतला रँकल न वापरता केलेलं को-कल्चर: माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मला ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड झिजवणाऱ्या पेशी, वाढवायच्या होत्या. सोपा रस्ता ठरलेला आहे: उंदराच्या अस्थिमज्जेतल्या पेशी घ्या, त्यात एम-सीएसएफ (या पेशी जगवणारं, वाढवणारं प्रथिन) आणि ऑस्टिओक्लास्ट बनण्याचा निरोप देणारं, विकत आणलेलं रँकल हे प्रथिन घाला, आठवड्याच्या आत काम फत्ते. आमच्या गाईड मॅडमनी तो रस्ताच बंद केला. "रँकल पाठवतं कोण, ते आधी बघ," म्हणाल्या. मग जुन्या पद्धतीचं को-कल्चर नशिबी आलं: कवटीच्या हाडातून काढलेल्या, हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींसोबत मज्जेच्या पेशी, आणि मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) सक्रिय ड जीवनसत्त्व.

एथिक्स कमिटीच्या मंजुरीत बराच वेळ गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खरा छळ सीरमचा, म्हणजे मीडियममध्ये घालायच्या रक्तद्रवाचा. एका लॉटमध्ये ऑस्टिओब्लास्ट मस्त वाढायचे, पण ऑस्टिओक्लास्ट नावालाही नाही. त्यात ऑस्टिओब्लास्ट फार दाटले की धुताना अख्खा थरच सुटून यायचा, आणि वर बसलेल्या पेशी त्याच्याबरोबर सिंकमध्ये.

लॉट बदलल्यावर मात्र प्लेट बघण्यासारखी झाली. को-कल्चरच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) ट्रॅप स्टेन, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट ओळखायचा रंग, चढला आणि कोकम सरबताच्या रंगाच्या मोठाल्या पेशी दिसल्या. तीन किंवा जास्त केंद्रकं असलेल्याच मोजायच्या. काहींत तर केंद्रकांची नुसती गर्दी. शेजारच्या वेलमध्ये मज्जेच्या पेशी एकट्या होत्या. ड जीवनसत्त्व तेवढंच, दिवस तेवढेच, पण मोजायला एकही नाही. तिसऱ्या वेलमध्ये दोन्ही पेशींच्या मधे बारीक छिद्रांचा पडदा होता. मीडियम एकच, तरी तिथेही शून्य. ऑस्टिओब्लास्ट रँकल मुख्यतः स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवतो, त्यामुळे स्पर्शाशिवाय निरोप पोचत नाही. बाटलीतून रँकल ओतलं असतं, तर हे कधीच दिसलं नसतं.

1981 मध्ये रोडन आणि मार्टिन या संशोधकांनी हा अंदाज बांधला तेव्हा रँकलचा पत्ताच नव्हता. पॅराथायरॉइड हॉर्मोनमुळे हाड झिजतं, पण त्याचा रिसेप्टर (हॉर्मोन ओळखणारा रेणू) सापडला ऑस्टिओब्लास्टवर. मग झिजेचा हुकूम तिथूनच सुटत असणार, हा त्यांचा तर्क. पडद्याचा प्रयोग जपानमध्ये सुदा यांच्या गटाने 1988 मध्येच केला होता. रेणू हाती लागायला मात्र 1998 उजाडलं, आणि तो शोधणाऱ्यांपैकी एक गट स्नो ब्रँड या दुधाच्या कंपनीतला होता!

शेवटच्या वेलमध्ये को-कल्चरवर ओपीजी घातलं. हे प्रथिनही ऑस्टिओब्लास्टच बनवतो. ते रँकलला चिकटतं आणि समोरच्या पेशीपर्यंत जाऊ देत नाही. तिथला आकडा जवळजवळ शून्यावर आला. ड जीवनसत्त्वाने रँकल वाढतं आणि ओपीजी घटतं, म्हणून तर पहिल्या वेलमध्ये एवढी भरभराट. हुकूम आणि मनाई दोन्ही एकाच पेशीच्या हातात, हे मला फार आवडलं.

व्हायव्हात परीक्षकांनी नेमकं विचारलं, "शरीरात रँकलचा मोठा पुरवठा ऑस्टिओसाइट करतात, हे 2011 पासून माहीत आहे. मग तुझ्या कवटीच्या पेशींचं काय?" मी म्हटलं, ऑस्टिओसाइट म्हणजे हाडात गाडला गेलेला ऑस्टिओब्लास्टच, कूळ एकच, माझी प्लेट निरोप कसा जातो एवढंच दाखवते, शरीरात कुठून किती जातो ते नाही. सर हसले आणि पुढचा प्रश्न सीरमच्या लॉटवर टाकला.