बाणांची वही : मार्व्हलचा पसारा मोजताना

आठवडा १ ते ९

मार्व्हल सिनेमॅटिक युनिव्हर्समध्ये, म्हणजे मार्व्हलच्या अतिमानवी नायकांच्या एकमेकांत गुंतलेल्या चित्रपट-मालिकांच्या विश्वात, पडद्यावर आलेले सगळे काही एकदा सलग पाहावे, असे ठरवले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त चित्रपट होते. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून २०१९ च्या ‘स्पायडर-मॅन : फार फ्रॉम होम’पर्यंतचे २३ चित्रपट ‘इन्फिनिटी सागा’ या एका नावाखाली येतात. त्यांच्या लांबीची मिनिटांत बेरीज केली, तर ती ५० तासांच्या जेमतेम आत बसते. आठवड्याला पाच-सहा तास या हिशेबाने नऊ आठवड्यांत ते पाहून झाले.

क्रम प्रदर्शनाचाच ठेवला. कथेतील काळानुसार पाहणारे बरेच जण आहेत आणि त्यांचा युक्तिवाद मला ठाऊक आहे. पण त्या क्रमात दुसऱ्या महायुद्धातील ‘कॅप्टन अमेरिका : द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर’च्या पाठोपाठ १९९५ मध्ये घडणारा ‘कॅप्टन मार्व्हल’ येतो, आणि त्याच्या श्रेयनामावलीदरम्यानचे दृश्य ‘इन्फिनिटी वॉर’चा शेवट ज्याने पाहिलेला नाही त्याच्यापुढे तो शेवट उघड करून टाकते. दुसऱ्याच चित्रपटाला एकोणिसाव्याचे गुपित फुटणार असेल, तर तो क्रम दुसऱ्यांदा पाहणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला बरा.

पाहण्याबरोबर एक वही घातली आहे. प्रत्येक चित्रपटाला किंवा मालिकेला एक पान, आणि एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाणारे बाण. एका कलाकृतीतील घटनेवाचून दुसरीची कथा उभीच राहिली नसती, अशा ठिकाणी ठळक बाण. नुसता उल्लेख असेल, ओळखीचा चेहरा दिसून गेला असेल, तर तुटक बाण. नियम साधा असला तरी तो पाळताना हात आखडावा लागतो, कारण हौशी माणसाला प्रत्येक तुटक बाण ठळक करावासा वाटतो.

पहिल्या सहा चित्रपटांत बहुतेक बाण तुटकच निघाले. ‘आयर्न मॅन’च्या अखेरीस शील्ड या गुप्तहेर संघटनेचा प्रमुख निक फ्युरी येऊन जातो, ‘द इन्क्रेडिबल हल्क’च्या शेवटी टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, डोकावतो, दोन्ही वगळले तरी त्या त्या कथेचे काही बिघडत नाही. २०१२ च्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’कडे मात्र दोन ठळक बाण जातात : ‘थॉर’मधून लोकी हा खलनायक आणि ‘फर्स्ट अ‍ॅव्हेंजर’मधून टेसरॅक्ट हा अफाट शक्तीचा घन. त्या चित्रपटाचा सारा डोलारा या दोन बाणांवर उभा आहे.

‘हल्क’च्या पानाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ते सर्वांत रिकामे राहील अशी माझी अटकळ होती. मुख्य भूमिकेतील एडवर्ड नॉर्टनच्या जागी पुढे मार्क रफेलो आला, वितरणाचे हक्क युनिव्हर्सलकडे असल्याने हल्कला स्वतंत्र चित्रपट पुन्हा मिळाला नाही, आणि २००८ चा तो चित्रपट सावत्र भावंडासारखा बाजूला पडला. तरीही त्या पानावरून बाण निघत राहिले. जनरल रॉस २०१६ च्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये परतला, ब्लॉन्स्की ‘शांग-ची’मध्ये आणि मग ‘शी-हल्क’मध्ये दिसला, आणि २०२५ च्या ‘कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये तर सॅम्युअल स्टर्न्स हे पात्र, जे १७ वर्षांपूर्वी कपाळावर रक्त घेऊन जमिनीवर कोसळले होते, थेट खलनायक बनून आले. विल्यम हर्टच्या निधनानंतर रॉसची भूमिका हॅरिसन फोर्डने केली आहे. या वहीतील इतका लांब ठळक बाण अजून दुसरा नाही.

चित्रपटांचे काम संपवताना एक चूकही नोंदवून ठेवली. ‘स्पायडर-मॅन : होमकमिंग’च्या आरंभी ‘द अ‍ॅव्हेंजर्स’मधल्या न्यूयॉर्कच्या लढाईनंतरचा ढिगारा उपसण्याचे दृश्य आहे आणि त्यानंतर ‘आठ वर्षांनंतर’ अशी पाटी येते. लढाई २०१२ ची धरली तर हा हिशेब २०२० वर जातो, आणि ‘सिव्हिल वॉर’नंतर काही महिन्यांतच घडणाऱ्या कथेशी त्याचा मेळ काही केल्या बसत नाही. पान खोडण्याऐवजी मी समासात एक प्रश्नचिन्ह काढून पुढे गेलो.

आठवडा १० ते ३१

मालिकांकडे वळलो आणि सगळा अंदाज कोलमडला. ‘एजंट्स ऑफ शील्ड’ या एकट्या मालिकेची २०१३ ते २०२० या काळात सात पर्वे झाली आणि तिचे १३६ भाग आहेत. साधारण ४२ मिनिटांचा एक भाग धरला, तर ते ९५ तास होतात. म्हणजे २३ चित्रपटांच्या जवळजवळ दुप्पट. पसारा मोठा आहे असे आपण बोलताना म्हणतो तेव्हा चित्रपटांची यादी मनात असते, पण तासांचे वजन कधीपासूनच छोट्या पडद्याकडे आहे.

या मालिकेचे पहिले पर्व धीर धरून पाहावे लागते. सुरुवातीचे भाग एका आठवड्याला एक प्रकरण अशा जुन्या वळणाचे आहेत आणि त्यांतले काही मी भांडी आवरता आवरता पाहिले, हे कबूल करतो. खरा बदल सतराव्या भागात होतो. अमेरिकेत ४ एप्रिल २०१४ रोजी ‘द विंटर सोल्जर’ प्रदर्शित झाला, त्यात शील्ड ही संघटना आतून हायड्रा या शत्रू संघटनेने पोखरलेली निघाली, आणि ८ एप्रिलच्या भागात मालिकेतील माणसांच्या पायांखालची जमीन त्याच बातमीने सरकली. ज्या संघटनेच्या नावाने मालिका चालते ती संघटनाच शेजारच्या चित्रपटगृहात बुडवली गेली होती. लेखकांना हे आधीपासून माहीत होते, म्हणूनच पहिले सोळा भाग इतके सावकाश चालले असावेत, असे मला दुसऱ्यांदा पाहताना वाटले. चित्रपट आणि तो भाग मी त्याच अंतराने, मध्ये चार दिवस सोडून पाहिले. ज्यांना सगळी मालिका झेपणार नाही त्यांनी निदान एवढा प्रयोग करून पाहावा.

बाण मोजताना मात्र एक गोष्ट डोळ्यांत खुपू लागली. चित्रपटांकडून मालिकेकडे येणारे बाण भरपूर आहेत, उलट दिशेचे जवळपास नाहीत. शील्डचा अधिकारी फिल कोल्सन ‘द अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये लोकीच्या हातून मरतो, मालिकेत जिवंत होऊन सात पर्वे टिकतो, आणि अ‍ॅव्हेंजर्सना याचा पत्ताही नसतो. पुढे ‘कॅप्टन मार्व्हल’मध्ये तो दिसला, पण तो १९९५ मधला, म्हणजे मरण्याच्या कितीतरी आधीचा. ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये फ्युरी ऐन वेळी हेलिकॅरियर, म्हणजे उडती युद्धनौका, कोठून आणतो याचे उत्तर मालिकेत आहे, चित्रपटात त्याचा उच्चारही नाही. ‘इन्फिनिटी वॉर’नंतर तर मालिकेनेही हात टेकले. पाचव्या पर्वात ‘इन्फिनिटी वॉर’चा खलनायक थॅनॉस याच्या स्वारीची चाहूल आहे, पण निम्मी सृष्टी नाहीशी झाल्याची खूण सहाव्या पर्वात कुठेच नाही.

याचे कारण कथेत शोधून सापडत नाही, ते कचेरीत सापडते. चित्रपट केव्हिन फायगीच्या मार्व्हल स्टुडिओजचे आणि मालिका जेफ लोब यांच्या मार्व्हल टेलिव्हिजनच्या. २०१५ मध्ये स्टुडिओज डिस्नेच्या थेट अखत्यारीत गेला, दूरचित्रवाणी विभाग जुन्याच व्यवस्थेखाली राहिला, आणि एकाच घरात दोन चुली झाल्या. २०१९ मध्ये फायगीकडे संपूर्ण मार्व्हलची सर्जनशील सूत्रे आली तेव्हा कुठे ही वाटणी मिटली. त्याच वर्षीच्या ‘एंडगेम’मध्ये ‘एजंट कार्टर’ या मालिकेतला जार्विस, म्हणजे जेम्स डार्सी, काही क्षण दिसतो. मालिकेत जन्मलेले पात्र चित्रपटात येण्याची ती पहिली वेळ. बाण तुटकच आहे, तरी मी तो लाल शाईने काढला.

आठवडा ३२ ते ३९

डिस्ने प्लसच्या मालिका तुलनेने झपाट्याने उरकल्या, कारण त्यांची पर्वे बहुधा सहा ते नऊ भागांची आहेत. येथे बाणांची दिशा बदलते. ‘वांडाव्हिजन’ पाहिली नसेल, तर ‘मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस’मध्ये वांडा अशी का वागते हे कळत नाही, ‘लोकी’वाचून ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’मधली टीव्हीए ही काळाच्या प्रवाहावर पाळत ठेवणारी कचेरी अधांतरी वाटते, आणि ‘द मार्व्हल्स’च्या तीन नायिकांपैकी दोघी, मोनिका आणि कमला, मालिकांतून आलेल्या आहेत. ‘द मार्व्हल्स’ १०५ मिनिटांचा, म्हणजे या विश्वातला सर्वांत छोटा चित्रपट. पण त्याच्या पानावर येऊन टेकणारे ठळक बाण मोजले, तर तो मोठमोठ्यांना मागे टाकतो. प्रेक्षकाला तो चित्रपट परका का वाटला असेल, हे मला वहीकडे पाहून समजले.

‘मिस मार्व्हल’मधील फाळणीचा भाग मी दोनदा पाहिला. १९४७ मधले कराचीकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीचे स्थानक, गर्दीत हरवलेली लहान मुलगी आणि तिला वडिलांपर्यंत नेणारी प्रकाशाची वाट : अतिमानवी शक्तीचा इतका घरगुती उपयोग या विश्वात मला दुसरीकडे दिसला नाही. मुंबईचा रंगही एकदा येतो, तो ‘इटर्नल्स’मध्ये, जिथे किंगो हा अमर वीर हिंदी चित्रपटांचा नट आहे आणि त्याचा सेवक करुण याची भूमिका हरीश पटेल यांनी केली आहे. जगबुडीच्या गडबडीत कॅमेरा घेऊन हिंडणारा करुण मला त्या चित्रपटातल्या देवांपेक्षा जवळचा वाटला.

एक जुना ऋणानुबंधही या काळात सापडला. २०१४ मध्ये ‘ऑल हेल द किंग’ नावाचा एक लघुपट निघाला होता, त्यात खरा मँडरिन (‘आयर्न मॅन ३’मध्ये ज्याचा तोतया दिसला तो खलनायक) अजून जिवंत असल्याचे सूचित केले होते. तो धागा थेट २०२१ च्या ‘शांग-ची’ने उचलला. लघुपटांना पान द्यायचे नाही असे मी सुरुवातीला ठरवले होते. तो नियम येथे मोडला.

सध्या

आता नेटफ्लिक्सवर निघालेल्या सहा मालिका हाती घेतल्या आहेत : ‘डेअरडेव्हिल’, ‘जेसिका जोन्स’, ‘ल्यूक केज’, ‘आयर्न फिस्ट’, ‘द डिफेंडर्स’ आणि ‘द पनिशर’. मिळून १६१ भाग. यांतल्या लोकांच्या बोलण्यात २०१२ ची लढाई नुसती ‘ती घटना’ म्हणून येते, पण तिचा परिणाम मोठ्या पडद्यापेक्षा येथे अधिक जाणवतो, कारण ‘डेअरडेव्हिल’चा खलनायक फिस्क याची सत्ता उभी राहते ती न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या वस्तीतल्या पडलेल्या इमारती पुन्हा बांधण्याच्या कंत्राटांवर. या मालिकांना एकमेकींशी खरे जोडते ते क्लेअर टेंपल या परिचारिकेचे पात्र. ती येऊन जखमा शिवते आणि पुढच्या मालिकेत जाते. वहीत तिच्या नावाचे बाण नायकांपेक्षा जास्त होतील अशी चिन्हे आहेत.

अडलो आहे ते सीमारेषेवर. ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’मध्ये टोबी मॅग्वायर आणि अँड्र्यू गारफिल्ड हे आधीचे दोन स्पायडर-मॅन आले, म्हणजे सोनीचे २००२ पासूनचे पाच चित्रपट एका दारातून आत शिरले; ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ने फॉक्सच्या एक्स-मेनसाठी दुसरे दार उघडले. ठळक बाणाचा माझा नियम प्रामाणिकपणे लावला तर त्या सगळ्यांना पान द्यावे लागते. सोनीचाच ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा २०२३ चा चित्रपट भारतात दहा भाषांत आला आणि त्यात मराठी होती. ‘एंडगेम’ इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा चारच भाषांत आला होता. त्यामुळे मराठी बोलणाऱ्या स्पायडर-मॅनला केवळ सीमेपलीकडचा म्हणून वगळताना माझा हात अडखळतो, पण बाण नाही म्हणजे पान नाही.

तूर्त तोडगा असा काढला आहे की, ‘नो वे होम’कडे ठळक बाण जाणाऱ्या त्या पाच चित्रपटांना वहीच्या मागच्या बाजूने, उलट्या क्रमाने पाने द्यायची, आणि २०२५ च्या ‘फँटास्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स’लाही तिकडेच ठेवायचे, कारण तो घडतो वेगळ्याच पृथ्वीवर. ‘डेअरडेव्हिल’च्या दुसऱ्या पर्वाचे चार भाग झाले आहेत, पनिशरच्या पानाकडे जाणारा पहिला ठळक बाण काल रात्री काढला.