शक्तिमानला चक्कर का येत नाही?

मुलांना द्यायला एखादं ज्ञानवर्धक पुस्तक शोधायला लागलं की हमखास एक काका भेटतो. हा काका शास्त्रज्ञ असतो, त्याला स्वतःचं काही काम नसतं, तो सुट्टीत घरी येतो आणि दुसऱ्याच पानावर बंटी त्याला विचारतो, "काका, बाष्पीभवन म्हणजे काय हो?" खरा बंटी असं काही विचारत नाही. फार उन्हात बसलं तर पोटातली शू उकळेल का, हा त्याचा प्रश्न असतो. तो पुस्तकात छापायची छाती कुणाला होत नाही.

मुलांना माहितीचं वावडं आहे असं मुळीच नाही. डायनासोरच्या नादी लागलेलं सहा वर्षांचं पोर जी नावं धडाधड म्हणतं, ती मला कागदावर बघूनही नीट म्हणता येत नाहीत. माझा राग आहे तो उत्तर आधी ठरवून त्याच्या मापाचा प्रश्न बंटीच्या तोंडी कोंबण्यावर. त्यापेक्षा मला चुका असलेली चित्रं परवडतात. टायरॅनोसॉरस आणि स्टेगोसॉरस एकाच दलदलीत झुंजताना दाखवणारी कितीतरी पुस्तकं आहेत. स्टेगोसॉरस साधारण 15 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि टायरॅनोसॉरस संपला तो 6.6 कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे काळाच्या हिशेबाने टायरॅनोसॉरस स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा! हे ज्या मुलाला कळतं, ते घरातल्या प्रत्येक पुस्तकातली अशी झुंज हुडकत बसतं. काकाच्या पुस्तकाने कुणाला असं कामाला लावलेलं मी पाहिलेलं नाही.

याच कारणाने 'शक्तिमान'बद्दल माझं मत घरातल्या इतर मोठ्या माणसांपेक्षा बरं आहे. 1997 साली दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका आमच्या पिढीने रविवारची आंघोळ लवकर उरकून पाहिली. योगसाधनेने आणि पंचमहाभूतांच्या बळावर घडलेला, स्वतःभोवती गरगर फिरत उडणारा महानायक, एरवी चष्मा लावून बावळटासारखा वावरणारा गंगाधर, आणि 'अंधेरा कायम रहे' म्हणणारा खलनायक किल्विष. शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें' नावाचा धडा असे. कुणी कचरा रस्त्यावर फेकलेला असे, कुणी आईचं ऐकलेलं नसे. शक्तिमान समजवायचा आणि मूल 'सॉरी शक्तिमान' म्हणून मोकळं व्हायचं. त्यातली शिकवण कितीजणांनी उचलली, देव जाणे. पण धडा गोष्टीत मिसळून गुपचूप पाजलेला नव्हता. गोष्ट संपली, आता उपदेश, असा रोखठोक व्यवहार होता. ज्याला नको असेल त्याने उठून खेळायला जावं.

2020च्या टाळेबंदीत ही मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा माझ्या भाचीने ती पहिल्यांदा पाहिली. किल्विषला ती हसली, नव्वदीतल्या त्या स्पेशल इफेक्ट्सना तर लोळून हसली. मग तिने विचारलं, "मावशी, हा एवढा गरगर फिरतो, मग याला चक्कर का नाही येत?"

आता इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणालाच कसा पडला नव्हता! कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. आपण गिरकी घेऊन थांबलो तरी तो द्रव काही क्षण फिरतच राहतो, म्हणून घर फिरल्यासारखं वाटतं. आणि नुसतं स्वतःभोवती फिरून कुणी वर उडत नाही. हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलतात, शक्तिमानचे दोन हात काय ढकलणार? हे सगळं आम्ही पुस्तकं उघडून वाचलं. घरात वर्षानुवर्षं कोरी करकरीत राहिलेली पुस्तकं, बरं का.

भाची आता नववीत आहे आणि गतीची समीकरणं हाती आल्यापासून एकाही महानायकाला सोडत नाही. दहाव्या मजल्यावरून, म्हणजे साधारण 30 मीटरवरून पडणारा माणूस जमिनीपाशी येईतो ताशी 87 किलोमीटरच्या आसपास वेगात असतो. महानायक त्याला खाली उभा राहून अलगद झेलतो, अर्ध्या मीटरात थांबवतो. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 60 पट झटका! "हात पोलादाचे असले तर फरशी काय नि हा काय, सारखंच," असा तिचा निकाल. 1973 साली स्पायडरमॅनच्या कॉमिकमध्ये हेच घडलं होतं. पुलावरून पडणाऱ्या आपल्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, त्याने जाळ्याने धरलं आणि त्या हिसक्यानेच तिची मान मोडली. मिनेसोटा विद्यापीठातले जेम्स काकालिओस हे भौतिकीचे प्राध्यापक हे उदाहरण घेऊन विद्यार्थ्यांना बल आणि वेळ यांचा संबंध समजावतात. मला हे फार आवडलं, कारण तिथे काका नाही, आणि प्रश्नही आधीपासूनच वाचकाच्या डोक्यात आहे.

मग वाचवायचं कसं? यावर आमच्याकडे जेवणाची ताटं ताटकळली. उत्तर भाचीनेच काढलं. पडणाऱ्याला पाचव्या मजल्याशी गाठायचं, त्याच्याच वेगाने त्याच्यासोबत खाली यायचं आणि येता येता वेग एकसारखा कमी करत न्यायचा. वरच्या 15 मीटरांत जेवढा वेग वाढला तेवढा खालच्या 15 मीटरांत उतरतो आणि माणसाला स्वतःचं वजन फक्त दुप्पट झाल्यासारखं वाटतं. पाळण्यात पोटात गोळा येतो तितपतच त्रास.

एवढं केलं तर शक्तिमानला पास करायला ती तयार आहे. पण वाचवलेल्या माणसाला कवेत घेऊनही हा गिरक्या मारत राहणार असेल, तर त्याचे गुण कापणार म्हणते.