आमची वाटचाल : एका अडकलेल्या इनबॉक्सपासून

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, संगणक दुरुस्तीची मिळतील ती कामं करायचो. मेलकडे वळलो ते एका ग्राहकामुळे. त्यांच्या हिशेबनिसाचा इनबॉक्स एका ठरावीक मेलपाशी येऊन अडकायचा आणि मधूनच ना तारीख, ना पाठवणाऱ्याचं नाव, असे निनावी मेल दिसायचे.

सर्व्हर एमबॉक्स पद्धतीचा, म्हणजे अख्ख्या फोल्डरची मिळून एकच फाइल. तिथे इंग्रजी 'फ्रॉम' आणि लगेच मोकळी जागा, अशा ५ अक्षरांनी ओळ सुरू झाली की नवा मेल धरतात. मजकुरातच तशी ओळ आली तर तिच्याआधी '>' लावायचं असतं. कुठल्याशा जुन्या स्क्रिप्टने ते लावलंच नव्हतं, त्यामुळे एकेका मेलचे दोन तुकडे झालेले. भरीस भर, डिस्क भरल्याने एक मेल अर्धवट लिहिला गेलेला आणि पुढचा त्याच्या शेपटीला चिकटलेला. फाइलची प्रत काढून तीन रात्री हाताने सांधे तोडले-जोडले. पैसे किती मागायचे हेही कळत नव्हतं!

पुढे डोव्हकॉट हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर आणि मेल साठवायची मेलडिर पद्धत आली. प्रत्येक मेलची वेगळी फाइल, त्यामुळे एक बिघडला तरी शेजारचा वाचतो. पण इथेच आम्ही सपाटून आपटलो. इंडेक्स, म्हणजे सर्व्हरने मेलची ठेवलेली सूची, बिघडलाय म्हणून उत्साहाने त्याच्या सगळ्या फाइली उडवल्या, सोबत यूआयडींची, म्हणजे फोन ज्यावरून मेल ओळखतात त्या क्रमांकांची, यादीही. सर्व्हरने सगळ्या मेलना नवे क्रमांक दिले आणि त्या कंपनीतला प्रत्येक फोन वर्षानुवर्षांचे मेल पुन्हा उतरवून घेऊ लागला. दिवसभर नेटवर्क ठप्प. त्या महिन्याचं बिल आम्ही लावलं नाही.

आता आधी प्रत, मग फोर्स-रिसिंक, म्हणजे इंडेक्स मेलशी पुन्हा जुळवून घ्यायची डोव्हकॉटची आज्ञा. बऱ्याचदा मेल धडधाकट असतो, बिघाड इंडेक्समध्येच असतो. कधी अँटिव्हायरसने फाइलमधली अटॅचमेंट कापलेली असते, पण फाइलच्या नावात 'एस=' पुढे जुनाच आकार राहतो. सर्व्हर त्यावर विश्वास ठेवून मेल वाचायला जातो आणि फसतो. नावातला आकडा सुधारला की काम होतं.

काही मेल उघडले तर आत नुसती शून्यं. ते परत येत नाहीत. पण इंडेक्सच्या कॅशमध्ये, म्हणजे मेलची ठळक माहिती जपून ठेवणाऱ्या फाइलमध्ये, पुष्कळदा पाठवणारा, तारीख, विषय शिल्लक असतो. तेवढी यादी काढून देतो, म्हणजे मेल कुणाकडून पुन्हा मागवायचा ते ग्राहकाला कळतं. एकेकाळी कचरा म्हणून आम्ही उडवली होती, तीच ही फाइल.