जानेवारीतली हरणं : ब्लू रिजच्या पायथ्याचा माझा अनुभव

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या आमच्या लाउडन काऊंटीची, म्हणजे जिल्ह्याची, दोन रूपं आहेत. पूर्वेला ॲशबर्न, म्हणजे डेटा सेंटरं, टाउनहाउसं आणि दिवाळीला दारात आकाशकंदील लावणारी आमच्यासारखी मराठी घरं. रूट सातने पश्चिमेला निघालात की पाऊण तासात ब्लू रिज डोंगररांगेचा पायथा येतो. कुरणं, द्राक्षमळे, गव्हाची छोटी शेतं आणि त्यांच्यावर उतरलेल्या ओकच्या जंगलाच्या सोंडा. गेल्या जानेवारीत मी तिथे माझं पहिलं हरण मारलं. त्याआधी दीड वर्ष तयारी केली होती आणि तीन फेऱ्या रिकाम्या हाताने परत आलो होतो. त्या सगळ्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण मराठीत याविषयी वाचायला मला काहीच मिळालं नव्हतं.

माझं गाव भोर तालुक्यातलं. तिकडे रानात भेकर दिसलं तरी लोक आवाज न करता बघत उभे राहतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच असावा, असं माझं ठाम मत आहे. इथलं चित्र वेगळं आहे. 1931 मध्ये अख्ख्या व्हर्जिनियात अंदाजे 25,000 पांढऱ्या शेपटीची हरणं उरली होती. बाहेरून आणून सोडली, संरक्षण दिलं, आणि आज ती काही लाखांच्या घरात आहेत. लांडगे आणि डोंगरी सिंह कधीच संपले. जंगलात कमरेच्या खाली ओकचं एक रोप उभं राहत नाही, सगळं खाल्लेलं असतं. गाड्यांना धडका तर रोजच्याच. म्हणून आमच्या काऊंटीत नेहमीचा हंगाम संपल्यावर जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत आणखी एक हंगाम असतो, आणि त्यात फक्त शिंगं नसलेलं हरण मारता येतं. उद्देश सरळ आहे, माद्या कमी करणं. शिंगांचा मोह नाही, भिंतीवर टांगायला काही नाही. मला हाच हंगाम हवा होता.

आधी शिकाऱ्यांसाठीचा सुरक्षा अभ्यासक्रम आणि त्याची परीक्षा झाली. मग शिकारीचा परवाना, आणि हरणासाठीचा वेगळा परवाना. हे सगळं घरबसल्या होतं. अवघड असते ती जागा मिळणं. मी सात शेतांवर जाऊन दार वाजवलं. सहा ठिकाणी नम्र नकार मिळाला. सातवे शेतमालक सत्तरीच्या पुढचे, गाई आणि थोडा गहू सांभाळणारे. त्यांनी बंदुकीबद्दल काहीच विचारलं नाही. "कुंपणाचं काम येतं का?" एवढंच विचारलं. ऑक्टोबरातले दोन शनिवार मी त्यांच्याबरोबर खांब रोवले, तार ताणली. दुसऱ्या शनिवारी त्यांनी कागदावर दोन ओळी लिहून सही करून दिली. इथे खाजगी जमिनीवर रविवारी शिकार करायची तर मालकाची लेखी परवानगी लागते, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला रविवार सोडून चालत नाही. तो कागद मी अजून परवान्याच्या पाकिटातच ठेवतो.

आता हरणांकडे वळू. नोव्हेंबरात माजाचा काळ असतो, नर दिवसाढवळ्या माद्यांमागे पळतात, बंदुका वाजतात. जानेवारीपर्यंत जी हरणं उरतात त्यांना माणसाचा वास, गाडीचं दार, बुटाखालची काटकी, सगळं पाठ झालेलं असतं. दिवसभर ती हलत नाहीत. पण थंडी त्यांना दोन गोष्टींसाठी बाहेर काढतेच, ऊन आणि अन्न. माझा सगळा अभ्यास या दोन शब्दांभोवतीच झाला.

बर्फ पडल्यावर मी बंदूक घरी ठेवून नुसता चालून आलो. मालकांच्या शेतावर उतरणाऱ्या एका सोंडेची एक बाजू दक्षिणेकडे तोंड करून आहे. तिथला बर्फ आधी वितळतो. त्या उतारावर, अर्ध्या उंचीवर थोडी सपाटी आहे, आणि तिथे मला पाच लांबट खड्डे दिसले. अंगाच्या उबेने बर्फ जमिनीपर्यंत वितळलेला, त्यात राखाडी केस चिकटलेले. पाची खड्ड्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना होती. पाच जणी बसल्या होत्या आणि चारही बाजूंवर कुणाची ना कुणाची नजर होती.

खाली बघत गेलो तर खाण्याच्या खुणा. पांढऱ्या ओकची फळं गोड असतात, ती शरदातच संपतात. तांबड्या ओकची तुरट, म्हणून ती मागे राहतात, आणि तीच पानांखालून उकरून खाल्लेली होती. हनीसकलच्या वेली हिवाळ्यातही हिरव्या राहतात, त्यांचे शेंडे गेलेले. एका झुडपाच्या फांदीचं टोक मी बोटात धरून पाहिलं. फाटलेलं होतं, त्याला तंतू लोंबत होते. सशाने खाल्लं तर टोक सुरीने कापल्यासारखं तिरकं आणि स्वच्छ असतं. हरणाला शेळीसारखेच वरचे पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं. लहानपणी आजीच्या शेळ्यांनी बोरीच्या फांद्यांची हीच गत केलेली मी रोज बघायचो. तिथे, त्या बर्फात, मला पहिल्यांदा वाटलं की हे जनावर मला कळू शकेल.

पहिली फेरी वाऱ्यामुळे फुकट गेली. मी पहाटे अंधारात खालून चढलो आणि सपाटीच्या खाली ऐंशी पावलांवर बसलो. साडेसातच्या सुमारास सूर्य उगवला, नऊपर्यंत उतार तापला, आणि गालावरचा वारा फिरलेला मला जाणवला. तापलेली हवा उतारावरून वर सरकते आणि वास बरोबर घेऊन जाते. दोन मिनिटांत वरून जोरात फुरफुरण्याचा आवाज आला, मग झाडांमधून पाच पांढऱ्या शेपट्या उभ्या झालेल्या दिसल्या. संपलं. संध्याकाळी नेमकं उलटं होतं, गार हवा जड होऊन खाली ओघळते. म्हणजे हरणं वर आणि मी त्यांच्या वाटेवर खाली असेन, तर माझा वास माझ्या पाठीमागे शेताकडे जाणार. तेव्हापासून मी त्या सोंडेवर सकाळी पाऊल टाकलं नाही.

दुसऱ्या फेरीत, संध्याकाळी, चाळीस यार्डांवर एक हरण एकटंच आलं. तोंड आखूड, डोकं दोन कानांच्या मध्ये सपाट. वर्षाच्या आतला नर असा दिसतो, शिंगांच्या जागी नुसत्या गाठी. कायद्याने तोही शिंगं नसलेल्यांतच धरतात. पण मी मादीसाठी बसलो होतो, आणि अशी पिल्लं बऱ्याचदा कळपाच्या पुढे येतात हे वाचलं होतं. मी बंदूक उचलली नाही. तिसऱ्या फेरीत काहीच आलं नाही. घरी आलो तेव्हा मुलाने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता गरम पाणी लावलं.

चौथ्या खेपेला आदल्या रात्री चार इंच बर्फ पडला होता आणि पारा उणे आठवर होता. अशा दिवशी हरणं पोट भरायला लवकर उठतात. मी दोनलाच जाऊन बसलो, एका जाड तांबड्या ओकला पाठ टेकून. अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी. असा ठळक रंग अंगावर असणं इथे सक्तीचं आहे आणि असलंच पाहिजे. दुसऱ्या शिकाऱ्याला मी लांबून दिसतो, हरणाला मात्र तो रंग मळकट दिसतो. निळा मात्र त्याला ठळक दिसतो, म्हणून जीन्स घालायची नाही. मांडीवर वीस बोअरची बंदूक, आत तांब्याचा स्लग, म्हणजे एकच जाड गोळी. शिशाचे बारीक कण मांसात पसरतात आणि ते मांस माझी मुलं खाणार होती, म्हणून तांबं.

सव्वाचारला त्या आल्या, एकामागे एक. पुढे एक मोठी मादी, लांब नाकाची, थोड्या वाकलेल्या पाठीची. दहा पावलं चालायची, थांबायची, कान फिरवायची. एकदा तिने थेट माझ्याकडे पाहिलं. नाकातून निघणारी वाफ मला स्पष्ट दिसत होती. मी श्वास रोखला नाही, रोखला की हात थरथरतो. हळूहळू सोडत राहिलो. मग ती मान खाली घालून आडवी वळली. पंचावन्न यार्ड. मागे मातीचा चढ, म्हणजे गोळी पार गेली तरी मातीतच जाणार. खांद्याच्या थोडं मागे नेम धरून मी चाप ओढला.

ती उडाली आणि धावली. बाकीच्या चौघी वर पळाल्या. मी घड्याळ पाहून अर्धा तास बसून राहिलो. हा अर्धा तास मला सगळ्यात जड गेला. लगेच मागे गेलं तर जखमी जनावर उठून आणखी दूर जातं, हे शिकवलेलं होतं; पण उजेड चालला होता आणि माझ्या मनात एकच भीती होती, ती कुठेतरी तळमळत असेल. अर्ध्या तासाने गेलो. बर्फावर गुलाबी, फेसाळ थेंब होते. फेस म्हणजे गोळी फुप्फुसात लागली. थेंबांच्या मागे मी एकेक पाऊल टाकत गेलो, काटेरी ग्रीनब्रायरच्या जाळीतून, एका सीडरखाली. नव्वद पावलं. लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून पाहिलं. गेली होती. मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच बसलो. केस दाट, जाड, आतून पोकळ असतात, म्हणून तर त्या थंडीतही त्वचा कोरडी आणि कोमट होती.

जागेवरून हलवण्याआधी परवान्याच्या टॅगवर नोंद केली, मग फोनवरून शिकार कळवून क्रमांक घेतला. डोक्यावर दिवा बांधून पोट उघडलं. दोन बोटांच्या मधे सुरीचं पातं उताणं धरून कातडी वर उचलत जायचं, वजडीला किंवा मूत्राशयाला टोक लागलं की मांस खराब होतं. मागच्या पायाच्या घोट्याजवळच्या गंधग्रंथींना हात लावायचा नाही. गावी खाटकाकडे बसून बघितलेलं इथे उपयोगी पडलं, एक फरक सोडून. मी सवयीने कलेजीला चिकटलेलं पित्त शोधत राहिलो. हरणाला पित्ताशय नसतंच.

आणि गर्भाशय भरलेलं होतं. मला ते माहीत होतं, तरी हातात आल्यावर वेगळं वाटलं. नोव्हेंबरच्या मध्यात संग होतो, सुमारे दोनशे दिवसांनी, जूनच्या आसपास पिल्लं होतात. जानेवारीत मादी मारायची तर ही गोष्ट डोळे उघडे ठेवूनच पत्करावी लागते. दुसऱ्या दिवशी आईला फोन केला तेव्हा तिने पहिला प्रश्न हाच विचारला, "पोटुशी होती का रे?" मी हो म्हणालो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आता त्यातलं काही वाया घालवू नकोस." मी तसं वचन दिलं.

मुलाच्या प्लास्टिकच्या घसरगाडीला दोर बांधून ती ओढत शेतापर्यंत आणली. साफ केल्यावरही चाळीस किलोच्या आसपास असेल. गॅरेजमध्ये तापमान दोन-तीन अंशांवर होतं, तिथे चार दिवस टांगली आणि मग स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन रात्री बसून हाडं सोडवली. एक मेहनत अजिबात टाळू नका. वरची सगळी चरबी आणि मांसावरचा चंदेरी पापुद्रा काढायचा. हरणाची चरबी मेणासारखी असते, थंड झाली की टाळूला चिकटते, आणि लोक ज्याला रानटी वास म्हणतात तो बराचसा तिचाच असतो.

खायची मात्र घाई केली नाही. हरणांना एक मेंदूचा रोग होतो, सीडब्ल्यूडी म्हणतात, त्यावर इलाज नाही. व्हर्जिनियात तो 2009 मध्ये फ्रेडरिक काऊंटीत पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगट जनावराचं मांस खाऊ नका, असं इथलं आरोग्य खातं सांगतं. मी मानेच्या भागासकट डोकं वन्यजीव विभागाने तपासणीसाठी ठेवलेल्या फ्रिजमध्ये नेऊन दिलं. फ्रीजरमधल्या पुड्यांवर तारीख आणि 'थांबा' असं लिहून ठेवलं. काही आठवड्यांनी निकाल आला, रोग नव्हता.

त्या रविवारी मांडीचं मांस बायकोने केलं. कांदा आणि सुकं खोबरं काळं होईपर्यंत भाजून वाटण, घरचा मसाला, मांसात चरबी नसल्यामुळे नेहमीपेक्षा दोन पळ्या तेल जास्त, आणि कुकरच्या पाच शिट्ट्या. बरोबर बाजरीची भाकरी. मुलगा जेवताना फारसं बोलला नाही, दोनदा रस्सा मागून घेतला. पाठीच्या मऊ मांसाचा एक पुडा मी शेतमालकांना नेऊन दिला. त्यांनी तो फ्रिजात ठेवला, टोपी घातली आणि मला ओढ्याकडचं कुंपण दाखवायला घेऊन गेले. बर्फाने मोडलेली एक फांदी तारेवर पडली होती. करवत माझ्या गाडीत होतीच.